कपडे धुतल्याचं पाणी झाडांना घालताय? आधी पाकिटावर सोडियम शोधा

जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पावसाळ्यात हौसेने लावलेली करंज, बहावा, आपट्याची रोपं याच दिवसांत माना टाकतात. नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि टाकीतलं पाणी आधी पिण्याला, मग स्वयंपाकाला, मग आंघोळीला लागतं. झाडांची पाळी शेवटची. त्याच घरातून रोज बादल्यांनी पाणी मोरीतून गटारीत जात असतं.

हे पाणी झाडांना घालावं का? घालता येतं, आणि बऱ्याच घरांत आजही घातलं जातं. पण भुसावळ तालुक्यातल्या वरणगावसारख्या गावात एक गोष्ट आधी तपासावी लागते, ती म्हणजे कपडे कशाने धुतले. कारण तापीकाठची काळी माती काही साबण पचवते आणि काहींमुळे कायमची बिघडू शकते.

सांडपाणी म्हणजे नेमकं कोणतं पाणी?

आंघोळ, कपडे, हात-तोंड आणि भांडी धुतल्याचं पाणी म्हणजे सांडपाणी. इंग्रजीतून आलेला ‘ग्रेवॉटर’ हा शब्द याच पाण्यासाठी वापरतात. संडासचं पाणी म्हणजे मैलापाणी. ते यात येत नाही आणि बागेत कधीही सोडायचं नाही.

पाणी किती निघतं याचा अंदाज घेऊ. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं प्रमाण ठरवलं आहे. पाच जणांच्या घराला ते २७५ लिटर होतं. यातला निम्म्याहून जास्त भाग आंघोळ, कपडे आणि भांड्यांवरून पुन्हा मोरीत येतो. नवीन लावलेल्या पाच-सात झाडांचा उन्हाळा काढायला एवढं पाणी भरपूर आहे.

ही कल्पना नवीनही नाही. न्हाणीच्या मागे अळू, कर्दळ आणि केळ लावायची पद्धत महाराष्ट्रभर आहे. फरक पडला तो पाण्यात काय मिसळतं यात. पूर्वी भांडी राखेने घासली जात आणि डोकं शिकेकाई-रिठ्याने धुतलं जाई. आता त्याच पन्हाळीतून डिटर्जंट पावडर, भांड्यांची वडी, ब्लीच आणि फरशी पुसायचं लिक्विड उतरतं.

फेस की क्षार, झाडाला काय मारतं?

फेस दिसला की लोक घाबरतात. फेस करणारे घटक, म्हणजे मळ सोडवणारी रसायनं, जमिनीतले जिवाणू हळूहळू मोडतात. ती अगदीच निरुपद्रवी नाहीत. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं, की अशी रसायनं जास्त असलेलं सांडपाणी सतत दिल्यास माती पाणी झटकू लागते, म्हणजे वरून ओतलेलं पाणी नीट आत झिरपत नाही. पण पाणी बदललं, खत घातलं आणि पाऊस पडला की हा दोष कमी होऊ शकतो.

खरी अडचण सोडियमची आहे. धुण्याचा सोडा, सोडियम सल्फेट, सोडियम सिलिकेट, साधं मीठ अशा रूपांत तो डिटर्जंटमध्ये असतो. जिवाणू त्याला मोडू शकत नाहीत, कारण तो मूलद्रव्यच आहे. बहुतेक झाडांना त्याची गरज जवळपास नसते. पाणी उन्हाने उडून जातं आणि सोडियम मातीत राहतो. उद्याच्या बादलीतला त्यात भर घालतो.

एक साधा हिशेब

समजा एका घरात रोज ५० ग्रॅम पावडर लागते आणि तिच्यात ४० टक्के धुण्याचा सोडा आहे.

- रोजचा सोडा: २० ग्रॅम
- त्यातला सोडियम (सोड्याच्या वजनाच्या सुमारे ४३ टक्के): साडेआठ ग्रॅमच्या वर
- वर्षाचा सोडियम: तीन किलोहून अधिक

साध्या मिठात सुमारे ३९ टक्के सोडियम असतो. म्हणजे हा सोडियम वर्षाला जवळपास आठ किलो मिठातल्या सोडियमएवढा झाला. करंजाच्या आळ्यात कोणी आठ किलो मीठ ओतणार नाही. पावडरीचं सगळं पाणी वर्षभर एकाच झाडाला घातलं तर सोडियमच्या बाबतीत तेच घडतं.

यात पावडरीतले इतर क्षार मोजलेलेच नाहीत. शिवाय सोडा मिठापेक्षा एका बाबतीत वाईट आहे. त्यातला कार्बोनेट मातीतल्या कॅल्शियमला पकडून त्याची चुनखडी करतो. सोडियमला तोंड देणारा कॅल्शियमच कमी झाला की सोडियमचा जोर आणखी वाढतो.

काळ्या मातीतच प्रश्न गंभीर का?

वाळूमिश्रित किंवा मुरमाड जमिनीत पाणी भराभर खाली जातं आणि बरेचसे क्षार घेऊन जातं. काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण जास्त असतं. ती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्या बारीक कणांवर कॅल्शियम बसलेला असतो तोवर कण एकमेकांना धरून राहतात, ढेकूळ टिकतं, हवा खेळते. कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की कण सुटे होतात आणि मातीतली छिद्रं बुजवतात. माती ओली असताना चिखल, वाळली की दगड. मुळांना ना पाणी मिळत, ना हवा.

हे मोठ्या प्रमाणावर पाहायचं असेल तर वरणगावहून फार लांब जावं लागत नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णा नदीचा खारपाणपट्टा याच कारणासाठी ओळखला जातो. तिथे सोडियम निसर्गतःच जास्त आहे, जमिनीत पाणी मुरत नाही आणि भूजल खारं आहे. हीच पूर्णा पुढे मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवजवळ तापीला मिळते आणि ते पाणी वरणगावजवळच्या हतनूर धरणात येतं. खारपाणपट्ट्यात निसर्गाने जे दीर्घ काळात केलं, त्याची छोटी आवृत्ती अंगणातल्या वाफ्यात काही वर्षांत तयार होऊ शकते.

खान्देशातली काळी माती मुळातच थोडी अल्कधर्मी, म्हणजे सोड्याच्या बाजूला झुकलेली असते. त्यात सोड्याचं पाणी पडलं की झाडाला जमिनीतलं लोह उचलता येत नाही. नवीन पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

दुकानात काय शोधायचं?

‘नॅचरल’, ‘हर्बल’, ‘इको’, ‘बायोडिग्रेडेबल’ या शब्दांवरून सोडियम कळत नाही. बायोडिग्रेडेबल म्हणजे फेस करणारा भाग कुजतो, एवढंच. सरकारची इकोमार्क योजना १९९१ पासून आहे आणि २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले. असं चिन्ह दिसलं तरी आपल्या मातीचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो, की यात सोडियम किती?

अनेक पाकिटांवर घटकांची पूर्ण यादी नसते. तरी प्रकारावरून बराच अंदाज बांधता येतो.

१. स्वस्त, सुटी किंवा मोठ्या पिशवीतली पावडर: तिच्यात सोडा आणि भर म्हणून घातलेले क्षार जास्त असण्याची शक्यता मोठी. कपडे निघतात, पण पहिलं पाणी झाडांना नको.

२. कपड्यांची आणि भांड्यांची वडी: यातही सोडा असतो, शिवाय वडी घट्ट राहावी म्हणून खनिज भुकटी. भुकटी तितकीशी घातक नाही, सोडा आहे.

३. मशीनची पावडर: एका वेळी कमी लागते म्हणून एकूण क्षार कमी पडू शकतात. पण तिच्यातही सोडियमचे क्षार असतात.

४. लिक्विड डिटर्जंट: साधारणपणे पावडरीपेक्षा बरं. पावडरीला आकारमान देणारे सोडा-सल्फेट यात भरायची गरज नसते. तरी काही लिक्विडं घट्ट करायला मीठ घालतात. यादीत ‘सोडियम क्लोराइड’ वरच्या क्रमांकावर असेल तर दुसरं बघावं.

५. पोटॅशचा पातळ साबण: सोडियमऐवजी पोटॅशियम वापरून केलेला. पोटॅशियम हे झाडाचं अन्न आहे, ‘एनपीके’ खतातलं शेवटचं अक्षर त्याचंच. घटकांत ‘पोटॅशियम हायड्रॉक्साइड’ किंवा ‘पोटॅशियम कोकोएट’ दिसलं तर बागेसाठी तो चांगला पर्याय आहे. कपडे धुण्यासाठी तो मिळणं मात्र सोपं नाही, किंमतही जास्त असते.

६. रिठा: आपल्याच मातीतल्या झाडाचं फळ. त्यातले फेस करणारे घटक कुजतात आणि सोडियम नगण्य असतो.

काही गोष्टी असतील तर पाणी बागेत सोडायचंच नाही. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, बोरॅक्स, संडास धुण्याचं अॅसिड, ड्रेन साफ करायची भुकटी आणि केसांचा किंवा कपड्यांचा रंग. बोरॉन झाडाला चिमूटभर लागतं, पण जरा जास्त झालं की विषारी ठरतं.

फॉस्फेटचं काय? ऑस्ट्रेलियात या विषयाची चर्चा बरीच झाली आहे. तिथल्या लॅनफॅक्स या प्रयोगशाळेने बाजारातल्या धुण्याच्या उत्पादनांतला सोडियम आणि फॉस्फरस मोजून प्रसिद्ध केला. बँक्सियासारख्या तिथल्या देशी झाडांना जास्त फॉस्फरस सोसत नाही, म्हणून तिथे दोन्ही आकडे पाहिले जातात. खान्देशातल्या देशी झाडांच्या बाबतीत तो धोका मुख्य नाही. फॉस्फेटचं पाणी गटारीतून नदी-नाल्यात गेलं तर मात्र शेवाळ आणि जलपर्णी वाढते. म्हणजे तिथली यादी उचलून इथे चालत नाही. आपल्याकडे पहिला प्रश्न सोडियमचाच.

हळदीने होणारी चाचणी

पाकिटावर काही लिहिलं नसेल तर घरात एक सोपा उपाय आहे. हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाला लावा आणि वाळू द्या. साबण नेहमीच्या प्रमाणात पाण्यात विरघळवून त्याचा थेंब या कागदावर टाका. डाग लालसर झाला तर पाणी अल्कधर्मी आहे, म्हणजे सोडा किंवा तसाच घटक आहे. पिवळाच राहिला तर पाणी सौम्य आहे.

या चाचणीची मर्यादा लक्षात ठेवावी. मिठाने हळदीचा रंग बदलत नाही, आणि पोटॅशच्या साबणाने कागद लाल होऊ शकतो. त्यामुळे दोन उत्पादनांची तुलना करायला ती उपयोगी आहे, अंतिम निकाल म्हणून नाही.

मातीची चाचणी याहून महत्त्वाची. आळ्यातलं हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा. हलवू नका. ढेकूळ नुसतं फुटून तळाशी बसलं आणि पाणी निवळ राहिलं तर चिंता नाही. काही तासांनी ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग दिसला तर कण सुटे होत आहेत, म्हणजे सोडियम वाढला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी सांडपाणी थांबवून मातीचा नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा.

रिठ्याने कपडे खरंच निघतात का?

रोजच्या घामाचे, धुळीचे सुती कपडे निघतात. तेलाचे, ग्रीसचे, शाईचे डाग निघत नाहीत. वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्याचा गणवेश केवळ रिठ्यावर स्वच्छ होईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

बिया काढलेली दहा-बारा टरफलं रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी उकळावीत, कुस्करून गाळावीत. हे पाणी दोन-तीन दिवसांत वापरून टाकावं, नाहीतर आंबतं. डोळ्यांत गेलं तर चांगलंच चुरचुरतं. आणखी एक खबरदारी म्हणजे रिठ्याचं पाणी माशांना घातक असतं. ते मातीत मुरवायचं, तळ्यात किंवा नाल्यात सोडायचं नाही.

राखेचं काय? लाकडाच्या राखेत सोडियमपेक्षा पोटॅशियम जास्त असतं, म्हणून जुन्या घरांच्या मोरीमागची झाडं तगत. पण राख अल्कधर्मी आहे आणि आपली माती आधीच तशी आहे. थोडी चालते, रोज घमेलंभर नको.

सोशल मीडियावर गाजणारं ‘बायोएन्झाइम’, म्हणजे गूळ, फळांच्या साली आणि पाणी तीन महिने आंबवून केलेलं द्रावण, आंबट असतं. फरशी पुसायला ते ठीक आहे. त्यातला सोडियम कमी असतो. मळके कपडे धुण्याची त्याची ताकद मात्र मर्यादित आहे.

साबण बदलणं शक्य नसेल तर?

बहुतेक घरांत महिन्याच्या खर्चात महागडं लिक्विड बसत नाही. तरीही मार्ग आहे. पाणी वेगळं करायचं.

कपडे भिजवून घासल्याचं पहिलं पाणी गटारीत किंवा शोषखड्ड्यात जाऊ द्यावं. पावडरीचा मोठा भाग त्यातच जातो. कपडे खळबळल्याचं दुसरं आणि तिसरं पाणी झाडांसाठी ठेवावं. मशीनमध्येही पहिलं ड्रेन आणि नंतरची ड्रेन वेगळी असतात. पाइप हलवायला एका माणसाने दोन मिनिटं उभं राहायचं, एवढंच.

पाण्याची पसंती अशी लावता येते:

- सगळ्यात आधी: आंघोळीचं पाणी आणि भाज्या-धान्य धुतल्याचं पाणी
- त्यानंतर: कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी
- शक्यतो नको: पावडरीचं पहिलं पाणी, भांड्यांचं तेलकट पाणी
- अजिबात नको: बाळाचे दुपटे किंवा आजारी माणसाचे कपडे धुतल्याचं पाणी, ब्लीचचं पाणी

बोअरचं पाणी जड असेल तर साबणाला फेस येत नाही आणि पावडर दुप्पट पडते. अशा घरात कपडे धुण्यापुरतं नळाचं पाणी वापरलं तर पावडर वाचते आणि मातीही. मिठाने चालणारं वॉटर सॉफ्टनर असेल तर त्याचं खारं पाणी बागेत सोडू नये. आरओ मशीनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यातही मूळ पाण्यातले क्षार दाट झालेले असतात. तेही रोज एकाच झाडाला नको.

कोणती देशी झाडं हे पाणी सोसतात?

बाभूळ, करंज, अर्जुन, शमी, कडुनिंब आणि बोर ही झाडं क्षारांना तुलनेने जास्त दाद देत नाहीत. कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ पासून अशा जमिनींवर काम करते आहे. क्षारपड जमिनींच्या वनीकरणात बाभूळ, अर्जुन, करंज यांसारख्या झाडांना पसंती मिळते ती याच गुणामुळे.

सातपुड्यातली अंजन, सालई, धावडा ही झाडं निचऱ्याच्या, मुरमाड जमिनीतली आहेत. काळ्या मातीत रोज पाणी दिलं तर साबण नसतानाही त्यांची मुळं कुजू शकतात.

आंबा, लिंबू, संत्रा यांना सोडियम लवकर बाधतो. आणि केळ? मोरीमागची केळ हे खान्देशातलं नेहमीचं दृश्य. केळीला पाणी भरपूर लागतं, पण क्षार सोसत नाहीत. आंघोळीच्या पाण्यावर ती छान येते. पावडरीचं पाणी लागलं की पानांच्या कडा करपू लागतात. म्हणून मोरीमागची केळ हीच इशारा देणारी घंटा समजायला हरकत नाही.

एक गोष्ट विसरली जाते. देशी झाडांना आयुष्यभर पाणी घालावं लागत नाही. पळस, सालई, बहावा उन्हाळ्यात पानं गाळून पाणी वाचवतात. पहिले दोन-तीन उन्हाळे काढून दिले की मुळं खोल जातात आणि झाड स्वतःचं बघतं. सांडपाण्याची गरज तेवढ्यापुरतीच. त्यानंतर ते पाणी नवीन रोपाला द्यावं, म्हणजे क्षार एका जागी साचत नाहीत.

पाणी देताना काय पाळायचं?

- पाणी २४ तासांच्या आत वापरावं. साठवलं तर वास येतो, डास होतात.
- पानांवर शिंपडू नये. खोडापासून थोडं लांब, आळ्यात ओतावं आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवावं.
- कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या किंवा जमिनीलगतच्या भाज्यांना देऊ नये.
- कपड्यांच्या पाण्यात धागे असतात. तोंडाशी जुनं फडकं बांधून गाळावं.
- दोन-तीन आळी आलटून पालटून वापरावीत आणि अधूनमधून साधं पाणी द्यावं.
- पावसाळ्यात सांडपाणी पूर्ण बंद. जळगाव भागात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याला साचलेले क्षार खाली नेऊ द्यावेत.

माती बिघडलीच असेल तर?

आळ्यावर पांढरा थर, पाणी तासन् तास उभं राहणं, जुन्या पानांच्या कडा करपणं ही लक्षणं दिसली तर आधी साबणाचं पाणी बंद करावं. माती परीक्षणात सोडियम जास्त निघाला तर जिप्सम घालतात. जिप्सममधला कॅल्शियम कणांवरून सोडियमला हटवतो आणि मग भरपूर चांगलं पाणी किंवा पाऊस त्याला मुळांखाली नेतो. प्रमाण परीक्षणाच्या अहवालावरूनच ठरवावं. सोबत शेणखत किंवा कंपोस्ट दिलं तर मातीची घडण लवकर सुधारते.

पण धुवायला लागणारं चांगलं पाणी उन्हाळ्यात नसतंच, म्हणून तर सांडपाण्याचा विचार सुरू झालेला असतो. त्यामुळे वरणगावसारख्या ठिकाणी माती दुरुस्त करण्यापेक्षा ती बिघडू न देणं कितीतरी स्वस्त पडतं. पावडर मोजून घालणं, पहिलं पाणी बाजूला काढणं आणि जमेल तेव्हा पावडरीऐवजी लिक्विड किंवा रिठा वापरणं, या तीन सवयींवर घरच्या पाण्यात दारची करंज जगते.